खरं नाव घेऊन कोणी फोन केला तर

आमच्या बान नोंग खेन गावात माणूस मेल्याशिवाय त्याचं खरं नाव कळत नाही. थट्टा नाही करत. सकाळी सरपंच विहाराजवळच्या भोंग्यातून सांगतो, ‘श्रीमती अमुक अमुक यांचं निधन झालं,’ आणि कुंपणाकुंपणावरून बायका एकमेकींना विचारतात, ‘कोण गं ही? आपल्यातली का?’ मग तोच खाकरून म्हणतो, ‘म्हणजे आपली पेत. बदकं पाळणारी.’ तेव्हा कुठे रडारड सुरू होते. आमच्या सरपंचाला कागद आधी मनात वाचून मग बोलायची सवयच नाही. हातात कागद पडला की थेट भोंगा.

खरं नाव असतं बँकेच्या पुस्तकावर आणि ओळखपत्रावर. घरात, बाजारात, भांडणात जे चालतं ते टोपणनाव. मला तोय म्हणतात. रस्त्याच्या कडेला माझी टपरी आहे, कच्च्या पपईची कोशिंबीर उखळात कुटून विकते. मिरच्या किती घालू हे मी गिऱ्हाइकाला विचारत नाही, तोंड बघून घालते. आणि माझ्या शेजारी राहते ती तेंग. तेंग म्हणजे काकडी. लहानपणी तशी गुबगुबीत होती म्हणे. आता काय, वाळून कोळ झालीय.

तिला एकच मुलगा. त्याच्याआधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. म्हाताऱ्या म्हणाल्या, गोड नावं ठेवता म्हणून भुतं उचलून नेतात, असलं काही नाव ठेवा की भुताला किळस आली पाहिजे. म्हणून ह्याचं नाव खियत ठेवलं. भाताच्या खाचरात उड्या मारते ना ती बारकी बेडकी, तिला खियत म्हणतात. आणि मेला खरंच जगला! कान ओढले तरी हसायचा. बाप लवकर गेला, आईनं दुसऱ्यांच्या शेतात राबून वाढवला. मोठा झाला तसा कर्ज काढून तैवानला गेला, कारखान्यात लागला. कर्ज फिटलं आणि घरामागे काँक्रीटचे खांब उभे राहिले. नव्या घराचे. तेंग रोज संध्याकाळी त्या खांबांवर पाणी मारायची, जसं काही त्यांना पालवी फुटणार होती.

छपराच्या पत्र्यांचे पैसे बँकेत जमा झाले आणि तो पहिला फोन आला.

त्या दिवशी मी तिला जाताना पाहिलं होतं. लग्नाकार्याला घालायचं पोलकं अंगात, कानाला फोन, आणि टमटममध्ये ताठ बसलेली.

‘काय गं तेंगे, नवरा बघायला चाललीस का?’ मी ओरडले.

तिनं ओठावर बोट ठेवलं. मला वाटलं, खियतशी बोलतेय. पण फोनवर होता तो हलकट चोर. आपण मोठा पोलीस अधिकारी आहोत, तुमच्या खात्यातून गर्द विकणाऱ्यांचा पैसा फिरलाय, सगळी रक्कम सरकारी खात्यात तपासणीसाठी टाका, संध्याकाळी परत मिळेल, कोणाशी बोलाल तर मुलाला तैवानात अटक होईल, असं त्यानं घरापासून बँकेपर्यंत तिच्या कानात ओतलं. बँकेतल्या पोरीनं विचारलं होतं हो, ‘मावशी, एवढे पैसे कोणाला पाठवताय?’ तर त्यानं शिकवल्याप्रमाणे ही म्हणाली, ‘पत्र्यांसाठी.’ फोन ठेवायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. साहेब बोलत असताना फोन ठेवणं म्हणजे उद्धटपणा, असं तिला वाटत होतं.

संध्याकाळी पैसे परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. मग ती माझ्या टपरीवर येऊन मटकन खाली बसली.

‘अगं, पण त्यानं माझं पूर्ण नाव घेतलं,’ ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. ‘सामरुय सिहाबुत म्हणाला. खियतचं पण घेतलं, फानुवत सिहाबुत. ह्यांचं पण घेतलं. तुला तरी माझं खरं नाव माहीत होतं का, सांग?’

नव्हतं. जन्मभर कुंपणाला कुंपण लावून राहिलो, पण नव्हतं.

‘मग? सरकारशिवाय कोणाला माहीत असणार गं?’

 मला स्वतःला तसा फोन आला असता तर मीही गेले असते, पोलकं घालून. पोलीस चौकीत लिहून घेतलं आणि ‘मावशी, आशा ठेवू नका’ असं सांगितलं. त्यानंतर तेंगचं जेवण तुटलं. खांबांकडे बघायला नको म्हणून ती पुढच्या दारानंच ये-जा करायला लागली. म्हाताऱ्यांनी तिच्या मनगटाला पांढरा दोरा बांधून ‘ये गं जीवा, परत ये’ म्हणून तिचा हरवलेला जीव बोलावला. जीव आला की नाही कोण जाणे, मुलाला कसं सांगू ह्या धास्तीनं ती अर्धी झाली होती.

शेवटी मीच सांगितलं. खियत दर रविवारी माझ्या फोनवर तोंड दाखवायचा. मी म्हटलं, ‘हे बघ, आईला बोलायचं नाही.’ आणि सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, ‘मावशी, फोन तिला दे.’

तेंगनं पडद्याकडे पाहिलंच नाही. ओंजळीत तोंड लपवून बसली.

‘आई, ए आई. इकडे बघ. पैसे काय, यंत्र चालू आहे तोवर येतच राहतील. तू जेवतेस का?’

‘जेवते.’

‘खोटारडी. तोय मावशीनं सगळं सांगितलंय. आता माझं ऐक. ह्यापुढे खरं नाव घेऊन कोणी बोललं की तो चोर. मग तो पोलीस असो, बँक असो, नाहीतर देव असो. पुरतं बोलूच द्यायचं नाही. शिव्या घालायच्या आणि ठेवायचा. मी कधी दुसऱ्याच्या फोनवरून केला तर पहिला शब्द बोलेन, खियत. तो शब्द आला नाही तर समज, तुझा मुलगा नाही.’

‘मला शिव्या येत नाहीत,’ तेंग म्हणाली.

‘मावशी शिकवेल. तिच्याकडे पोत्यानं आहेत.’

मेला! पण खरं होतं. मग दर रविवारी शिकवणी सुरू झाली. तिकडून खियत आवाज जाड करून म्हणायचा, ‘सामरुय सिहाबुत बाई का? मी पोलीस ठाण्यातून बोलतोय.’ आणि तेंग सुरुवातीला चक्क हात जोडायची! ‘आई, हात कसले जोडतेस!’ म्हणून तो कपाळ बडवून घ्यायचा. हळूहळू तिची जीभ सैल झाली. ‘मेल्या’वरून ‘मुडद्या’वर गेली, ‘मुडद्या’वरून तिरडीवर. आणि एकदा तिनं अशी काही सणसणीत हाणली की मी उखळातला दांडा खाली ठेवला आणि तिकडे खियत खाटेवरून खाली घरंगळला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ‘आई, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण!’ ती लाजली आणि त्या दिवशी भाताची दुसरी मूठ मागून घेतली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

सरपंचानंही मनावर घेतलं होतं. तालुक्याला चोरांच्या फोनांबद्दल बैठक झाली, तिथून तो ज्ञान घेऊन आला आणि रोज सकाळी भोंग्यावरून सुरू. ‘खऱ्या नावानं फोन आला की ठेवा. ते पुन्हा पुन्हा लावतात, चिकाटीची जात आहे. म्हणून ठेवल्यावर फोन दिवसभर बंद करून टाका!’ तेंगचा चित्रांचा फोन त्यानंच काढून टाकायला लावला आणि बटणांचा आणून दिला. ‘ह्यात बँक शिरत नाही,’ म्हणाला. दुधानं तोंड पोळलेलं, आता ती ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. अनोळखी आवाज आला की ती शिकारी मांजरासारखी कान टवकारायची. नव्या वर्षाच्या पाण्याच्या सणात तर सरपंचानं सगळ्यांसमोर तिचं उदाहरण दिलं. गावातली पहिली फसलेली आणि आता गावातली पहिली शहाणी म्हणून.

त्याच उन्हाळ्यातली ती दुपार. टपरीवर सरपंच होता, मळणीयंत्रवाले दोघं होते, तेंग माझ्यासाठी लसूण सोलत बसली होती. मधल्या काळात खियतनं कारखाना बदलला होता. जुन्या ठिकाणी आमच्या भागातली पोरं होती, नव्या ठिकाणी पगार जास्त होता पण ओळखीचं कोणी नव्हतं. पत्रे लवकर घालायचे म्हणून गेला.

‘सकाळी पण एक आला होता,’ तेंग सांगत होती. ‘बाई होती ह्या वेळी. सामरुय म्हटली आणि मी तोडला. बंद करायचा तेवढा राहिला.’

‘आता बायकांनापण कामाला ठेवतात,’ सरपंच म्हणाला. ‘गोड आवाजाला माणूस भुलतो.’

तेवढ्यात फोन वाजला. तेंगनं नंबर बघितला. ‘तीच की गं!’

‘मोठ्यानं लाव, मोठ्यानं लाव,’ मळणीवाले म्हणाले. ‘ऐकू दे आम्हाला पण.’

तिनं बटण दाबलं. बाईचा आवाज आला, धापा टाकत बोलत होती. ‘सामरुय सिहाबुत आई, कृपा करून ठेवू नका. मी तैवानहून बोलतेय, दुभाषी आहे. फानुवत सिहाबुत तुमचाच मुलगा ना? त्यांना अपघात झालाय. इस्पितळात आहेत.’

‘घ्या!’ सरपंचानं मांडीवर थाप मारली. ‘आता इस्पितळ. पुढचं वाक्य पैशाचं, लावा पैज.’

‘आई, ऐकताय ना? गोल्फ शुद्धीवर आहे. त्याला तुमचा आवाज ऐकायचाय. मी फोन त्याच्या कानाला लावते, तुम्ही बोला त्याच्याशी.’

‘गोल्फ?’ तेंगनं आमच्याकडे पाहिलं. ‘कोण गोल्फ?’

टपरी हसून लोटपोट. मळणीवाल्यांतला एक म्हणाला, ‘अहो, चोराला टोपणनावसुद्धा धड माहीत नाही! नवशिका दिसतोय.’ मीपण हसले. पलीकडून आता कोणी बोलत नव्हतं. नुसता घरघर आवाज येत होता, खराब पंख्यासारखा.

आणि तेंग उभी राहिली. कमरेला हात लावला. सगळे बघतायत म्हटल्यावर तिला आणखी चेव आला.

‘काय रे मुडद्या! ह्या वेळी मुलगा होऊन आलास? माझ्या मुलाचं नाव घ्यायला जीभ कशी झडली नाही तुझी? माझ्या पत्र्यांवर पोट भरलं नाही का? तुझं तळपट होईल! परमुलखात मरशील, पाणी पाजायला कोणी नसेल! तुझ्या आईला तुझं मढंसुद्धा बघायला मिळायचं नाही, लिहून ठेव!’

आणि ठेवला. टाळ्या पडल्या. सरपंच म्हणाला, ‘शाब्बास तेंगताई! आज तुमची कोशिंबीर माझ्याकडून. फोन बंद करा आधी, आता ती दिवसभर लावत बसेल.’ तेंगनं फोन बंद केला आणि चिकट भाताच्या टोपलीत टाकून वर झाकण ठेवलं. मी तिच्या कोशिंबिरीत मिरच्या कमी घातल्या, तिला तशीच आवडते. ती पोटभर जेवली. जेवताना म्हणाली, ‘रविवारी खियतला सांगते. बघ कसा हसतो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या चुलीत कोळसे घालत होती. भोंगा खरखरला. सरपंचानं नेहमीसारखा घसा साफ केला. तालुक्याच्या कचेरीतून सूचना आली आहे, म्हणाला. ‘तैवान येथे कामास असलेले आपल्या गावचे रहिवासी श्री. फानुवत सिहाबुत यांचं काल रात्री...’

आणि तो थांबला.

अर्धं गाव सिहाबुत आडनावाचं. समोरच्या घरातली म्हातारी मला विचारत होती, ‘कोण गं हा? कोणाचा?’ भोंगा बंद झाला नव्हता. सरपंचाचा श्वास सगळ्या गावाला ऐकू येत होता. तो ‘म्हणजे आपला’ म्हणाला आणि पुढचं त्याला बोलता येईना.

तेंगच्या हातातला चिमटा पडला. ती रडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, ‘खोटं आहे. खरं नाव घेतलंय. चोर आहे गं तो.’

खोटं असतं तर मी डुकराचं मुंडकं नवसाला वाहिलं असतं.

अस्थी घेऊन ती दुभाषी बाई स्वतः आली. जुम तिचं नाव. मढं विमानानं आणायचं तर डोंगराएवढा खर्च, म्हणून तिथंच अग्नी दिला. भिक्खूंचे मंत्र झाले, पाहुणे पांगले. तेंगनं जुमला खांबांपाशी बसवलं, तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि विचारलं, ‘गोल्फ कोण?’

‘तोच,’ जुम म्हणाली. ‘कारखान्यात त्यानं हेच नाव सांगितलं होतं. आम्हाला दुसरं माहीतच नव्हतं.’

बेडूक म्हणवून घ्यायची लाज वाटली असेल पोराला. शहरातल्या पोरांची टोपणनावं फुटबॉल नि गोल्फ, ह्याचं बेडकी. तेवढीच त्याची हौस. मला एकदम इतका राग आला, त्याचा, त्या नावाचा, सगळ्याचाच, की मी उठून चालायला लागले. तेंगनं माझा हात धरून खाली बसवलं.

‘मी बोलले ते त्यानं ऐकलं का?’ तिनं विचारलं.

जुमनं पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

‘खोटं बोलू नको, बाळ. मला खोटं कळतं आता.’

‘ऐकलं. फोन त्याच्या कानालाच होता, बोलायला तो दम गोळा करत होता.’

‘शेवटचं पण?’

‘सगळं.’ जुम रडायला लागली. ‘पण आई, तो हसला. हसताना छातीत दुखत होतं तरी हसला. मला म्हणाला, ताई, वाईट वाटून घेऊ नका, हे मीच शिकवलंय तिला. आता परत लावा आणि पहिला शब्द खियत म्हणा. फक्त खियत. मग ती ठेवणार नाही.’

हे नाव गावाबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे ते खरं होतं.

‘मग?’ तेंग म्हणाली.

‘मी लावला. बंद होता. संध्याकाळपर्यंत लावत होते. तो सारखा विचारायचा, लागला का? त्याचा फोन त्याच्याबरोबरच यंत्राखाली चुरा झाला होता. कोणा मावशीचा नंबर आठवायचा प्रयत्न करत होता, पण त्याला आठवेना. मग त्याची शुद्ध गेली.’

 तेंगनं जुमच्या पाठीवरून हात फिरवला, ‘पाणी पी,’ म्हणाली. सरपंच कुंपणाबाहेर उभा होता. त्याला आत यायचं धैर्य झालं नाही आणि मीही बोलावलं नाही.

ह्याला आता पुष्कळ दिवस झाले. कारखान्याची भरपाई आली, तेंगच्या खात्यात पडून आहे. पत्रे घालायचं ती नाव काढत नाही. खांब तसेच आहेत, त्यांना ती पाणी मारत नाही. आणि चोरांना वास कसा लागतो देव जाणे, भरपाई आल्यापासून फोन सुरू झाले. कधी पोलीस, कधी पोस्ट, कधी बँक. सगळ्यांना तिचं खरं नाव पाठ.

मी हजारदा सांगितलं. समजावलं, ओरडले, फोन विहिरीत टाकीन म्हटलं. ‘तेंगे, चोर आहेत गं ते! नागवतील तुला पुन्हा!’ ती मान डोलावते. ‘माहीत आहे मला,’ म्हणते. फोन रात्रंदिवस चालू ठेवते, उशाशी घेऊन झोपते. बँकेचं पुस्तक तिनं माझ्याकडे आणून दिलं आणि म्हणाली, ‘हे तू लपव. मागितलं तरी देऊ नको.’

काल दुपारी टपरीवर वाजला. गिऱ्हाइकं होती. कोणी हसलं नाही. तिनं हातातला लसूण खाली ठेवला, हात कपड्याला पुसले आणि फोन कानाला लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, खरं नाव घेऊन.

‘हो, मीच सामरुय सिहाबुत,’ ती म्हणाली. मग थोडं थांबून, हळू आवाजात, ‘बोल बाबा. काय सांगायचंय ते सगळं सांग. मी ठेवत नाही.’